चौथा गळ

आखाजीच्या दिवशी भाईदास उठला तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते. त्याला गजर लागत नाही. नरडाण्याच्या एका जिनिंगमध्ये त्याने एकोणीस वर्षं कापसाच्या गाठी उचलल्या. एक गाठ एकशे सत्तर किलोची. दोघांनी दोन बाजूंनी आकडा रुतवायचा आणि गुडघ्यातून उठायचं, पाठीतून नाही. पाळी सहाची, गावापासून अंतर अठरा किलोमीटर, वाहन सायकल. गुडघे गेले तेव्हा जिनिंग सुटलं. साडेचारचं उठणं मात्र सुटलं नाही.

चुलीवर लिलाबाईने पुरणाची डाळ चढवली होती. कोपऱ्यात पितरांची नवी घागर धुऊन पालथी घातलेली. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधले जातात आणि बाप्ये दिवसभर पत्ते कुटतात. त्या एका दिवशी त्यांना कोणी नाव ठेवत नाही. भाईदासची लेक ज्योती आदल्या संध्याकाळीच आली होती. तिची नऊ वर्षांची पोर भूमिका अंगणात खाटेवर झोपलेली. गेल्या वर्षीचा झोक्याचा दोर दोन ठिकाणी विरला होता. नवा दोर आणि फळी आणायचं आजोबाने कबूल केलं होतं, आणि त्यासाठीच तो सणाच्या दिवशीही नदीवर निघाला होता.

त्याने गळाला लावायला कणीक मळली, त्यात सरकीची ढेप चुरली आणि गोळा ओल्या फडक्यात बांधला. मग चप्पल बघितली. ही पायातली नव्हे. जुन्या रबरी चपलेचा तळवा. त्यात गळ टोचून ठेवायचे. पाच दोर, प्रत्येक दोराला चार गळ, म्हणून तळव्यावर पाच ओळी, ओळीत चार. निघताना वीस, परतताना वीस. तापीवर गळ टाकणारी त्याच्या कुरवाडे गावात अकरा घरं आहेत आणि अकरा घरांत अशा अकरा चपला आहेत.

नदी सव्वा किलोमीटर. खाली बॅरेज झाल्यापासून पाणी तुंबून असतं. पूर्वी कुरवाड्याला अर्धा मैल वाळू होती. काही पाण्याखाली गेली, काही ट्रॅक्टरमधून गेली. उरली ती दीडशे पावलांची पट्टी. तेवढ्यातच गळवाल्यांनी बसायचं, तेवढ्यातच बायांनी धुणी धुवायची आणि रविवार आला की धुळ्या-शिरपूरहून गाड्या भरभरून येणाऱ्यांनी डुंबायचं. गोळेवाला, भेळवाला, रबरी ट्यूब भाड्याने देणारा, सगळे तिथेच.

गेल्या उन्हाळ्यात एका पाहुण्याच्या अंगठ्यात गळ घुसला. गळाला उलटा काटा असतो. आत जातो सरळ, बाहेर येताना मांस घेऊन येतो. मोठी बोंबाबोंब झाली. ग्रामसभा बसली. सरपंच सुलक्षणाताई, माहेर साक्रीकडचं, शिकलेली, नेमकं बोलणारी बाई. तिने पट्टीच्या मध्यावर चुना लावलेले दगड ठेवले. दगडांच्या वरच्या अंगाला गळवाले, खालच्या अंगाला आंघोळीवाले. सकाळी दहाला गळ गुंडाळायचे. दहानंतर सगळी वाळू सगळ्यांची. आणि पुन्हा एक जरी काटा कुणाच्या पायात गेला, तर त्या वाळूवर गळ कायमचा बंद.

"मान्य आहे का?" तिने विचारलं होतं.

अकरा घरांतर्फे भाईदास उठला होता. म्हणाला होता, "आमना गळ वाळूवर राहणार नही. मी सांगस."

त्या सकाळी मासा चांगला लागला. पाच काठ्या वाळूत रोवून, दर काठीला घुंगरू बांधून तो मधल्या काठीशी बसला होता. समोर नदीत गावाच्या पाणीयोजनेची जॅकवेल, म्हणजे सिमेंटचा गोल बुरूज, त्याला लोखंडी पायऱ्या. भाईदास नेहमी असा बसतो की पलीकडच्या देवळाचा झेंडा बरोबर त्या बुरुजाआड लपतो. जागा चुकायला नको. नऊपर्यंत दोन मरळ आणि एक हातभर वाम मिळाली. महामार्गावरच्या ढाब्याचा माणूस मोटारसायकलवर येऊन आठशे पन्नासला घेऊन गेला. दोर, फळी आणि वर भूमिकाला बांगड्या, एवढं त्यात बसत होतं.

दहाला दहा मिनिटं असताना त्याने दोर ओढायला घेतले. चार आले. पाचवा अडला. त्याने दोर हलकेच डावीकडे नेला, उजवीकडे नेला, ढील दिली. उपयोग झाला नाही. खाली कसलंतरी खोड असावं. मग त्याने दोर मनगटाला गुंडाळून ओढला. तट्‌कन आवाज झाला आणि हात मोकळा झाला. दोराचं टोक आलं. चार गळ आणि वजनाला बांधलेला लोखंडी नट खालीच राहिला.

"कितलं लांब व्हतं?" शेजारचा प्रेमराज त्याचे दोर गुंडाळत होता. दोघांची लंगोटापासूनची सोबत.

"काठापासून चाळीस पावलं."

"मग जाऊ दे. तठे हत्ती बुडी जाई इतलं पानी शे. कोन जास तठे?"

ते खरं होतं. चाळीस पावलांवर पुरुषभर पाणी. अंतर मोजायची त्यांची रीत तीच आहे, काठापासून पावलं. बापानेही तसंच मोजलं, आजानेही. भाईदासने चपलेकडे बघितलं. सोळा गळ, खालची ओळ रिकामी, रबरात चार भोकं. त्याला ते आवडलं नाही. पण दहा वाजले होते, ऊन चढलं होतं आणि घरी घागर भरायची होती.

घागर भरली, पितरांना नैवेद्य दाखवला, पुरणपोळी आणि आमरस जेवला. दीडच्या सुमारास भूमिकाने त्याचा हात धरला. "आबा, दोर?"

"आननू समज," म्हणून तो निघाला. दोराचं दुकान फाट्यावर, वाट नदीवरून. उतारावर आला आणि पाय थांबले.

नदी मागे गेली होती.

सकाळी जॅकवेलच्या सात पायऱ्या पाण्याबाहेर होत्या. त्याने आता मोजल्या. दहा आणि अकरावी अर्धी. खाली बॅरेजची दारं उघडली असणार. वाळूचा उतार तिथे परातीसारखा सपाट आहे. पाणी साडेतीन फूट उतरलं की काठ तीस पावलं पुढे सरकतो. सकाळी जिथे पुरुषभर पाणी होतं, तिथे आता गुडघ्याच्या वर चार बोटं होतं. आणि नव्याने उघडी पडलेली ती ओली, थंड, स्वच्छ वाळू बघून कोणीतरी तिथेच रांगोळी काढली होती, आंब्याचे टाळे रोवले होते. चार वाजता गावातल्या सगळ्या लेकी-सुना तिथे आखाजीला घरोघरी पुजलेली गौराई पाण्यात सोडायला येणार होत्या. अनवाणी. गौराई सोडायला चपला घालून कोणी पाण्यात जात नाही.

काठापासून चाळीस पावलं, हे त्याने पुन्हा मनात म्हटलं. काठच जागेवर राहिला नव्हता. जन्मभर पाण्यावर जगून त्याने सरकणाऱ्या रेघेपासून माप घेतलं होतं.

प्रेमराज काठावरच्या वडाखाली पत्ते घेऊन बसला होता. भाईदासने त्याला हाताने खूण करून बाजूला घेतलं.

"पानी उतरनं. मना गळ गौराईना जागावर शेतस."

प्रेमराजने वाळूकडे बघितलं, मग आजूबाजूला कोणी ऐकत तर नाही ना, ते बघितलं. "दोनी जन जाऊत. पायघाई चाचपूत. बोलू नको."

"पायांनी सापडतील का चार गळ?"

"तोंड उघाडशी ते अकरा घरना चुला इझी जाई, भाईदास. तूच शब्द देयेल शे."

"आनि एखादी पोरना पायमा गया ते?"

हातातले पत्ते प्रेमराजने खिशात घातले आणि बरोबर निघाला.

वीस मिनिटं दोघे पाण्यात पाय घासत फिरले. पाय उचलायचा नाही, सरकवायचा, अंगठा वर ठेवायचा. आजूबाजूला शहरातली माणसं ट्यूब घेऊन डुंबत होती. पाणी गढूळ, तळ दिसेना. एक बाई लहान मुलीला दोन्ही हात धरून चालवत त्यांच्या दिशेने येऊ लागली. भाईदास आडवा उभा राहिला आणि दोन्ही हात पसरले.

"ताई, इकडे नका येऊ. तिकडे न्या लेकराला."

"का? काय झालं?"

तेवढ्यात काठावरून आवाज आला. गोळ्याच्या गाडीमागून भूषण बोलत होता. नरडाण्याचा तरुण, सुट्टीच्या दिवशी इथे गाडी लावणारा. गळवाले गेले तर आपल्या गिऱ्हाइकाला दोन्ही बाजूची वाळू मिळेल, हे तो उघड बोलून दाखवायचा.

"ओ आबा! दहा वाजून गेले ना? की आता पाणीपण तुमच्या मालकीचं झालं?"

चार-पाच जण हसले. दोन पोरं मुद्दाम त्याच्या पसरलेल्या हाताखालून पळायला निघाली. भाईदासने एकाचा दंड धरला. पोराचा बाप उठला. "ए म्हाताऱ्या, हात सोड!"

प्रेमराज खालच्या आवाजात म्हणाला, "चाल. निघ आठून."

भाईदासने पोराचा दंड सोडला आणि जिनिंगमध्ये गाठ सुटली की जसा ओरडायचा, तसा ओरडला, "बाहेर निघा सगळे! इथे माझे चार गळ पडले आहेत!"

बाया किंचाळल्या, लेकरं उचलली गेली, ट्यूबा फेकल्या गेल्या आणि पाच मिनिटांत पाणी रिकामं झालं. काठावर शंभरभर माणसं उभी राहिली आणि सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे. कोणी "पोलिसांत द्या" म्हणालं. कोणी मोबाइल काढून चित्रण सुरू केलं. भूषण म्हणाला, "मी गेल्या वर्षीच सांगत होतो."

सुलक्षणाताई सणाची नवी साडी नेसून आली, ती अर्ध्या उतारावरूनच बोलत.

"आबा, शब्द कोणी दिला होता?"

"मीच."

"गळ कधी तुटला?"

"दहाला दहा कमी."

"आणि आता अडीच वाजलेत. साडेचार तास तुम्ही गप्प?"

"मला वाटलं खोल आहे. चूक झाली. माझी एकट्याची, त्या दहा घरांची नाही. तुमची सभा जे ठरवेल ते मी मानतो. पण आधी गळ काढू द्या."

"दुसरीकडे न्यावी का गौराई?" ती स्वतःशीच बोलली. सगळ्यांना माहीत होतं, दुसरीकडे जागा नव्हती. वर चिखल, खाली खडक. तिने मनगटावरचं घड्याळ बघितलं. "चार वाजेपर्यंत. नाही सापडले तर बायका पाण्यात जाणार नाहीत आणि ते का, हे मी सगळ्या गावासमोर सांगणार."

आता काम होतं, आणि काम म्हटल्यावर भाईदासचं डोकं थंड झालं. आधी जागा. सकाळच्या काठाची खूण म्हणजे वाळलेल्या फेसाची आणि काडीकचऱ्याची रेघ, ती गर्दीने तुडवली होती. पण चुन्याच्या दगडापाशी हातभर शिल्लक होती. त्या रेषेवर तो उभा राहिला. झेंडा जॅकवेलच्या आड जाईपर्यंत डावीकडे सरकला. तिथून सरळ चाळीस पावलं. शेवटची नऊ पाण्यात पडली. तिथे काठी रोवली. काठीभोवती सर्व बाजूंनी बारा पावलं, इतकी जागा धुंडायची.

पायाने होणार नव्हतं. त्याला हवं होतं गोणपाट, तागाचं. भिजवून, वजन लावून तळावरून ओढलं की तागाच्या विणीत गळ अडकतोच. पण आता सगळी पोती प्लास्टिकची. त्यांवरून गळ घसरतो. गावात जाऊन शोधायचं तर अर्धा तास गेला. त्याने वाळूवर नजर फिरवली. गोळ्याच्या गाडीखाली, भुशात, बर्फाच्या दोन लाद्या होत्या. भोवती तागाची चार गोणपाटं.

तो भूषणसमोर जाऊन उभा राहिला. "तुझी गोणपाटं दे."

"आणि बर्फ? त्रेचाळीस डिग्रीत उघडा ठेवू? तासात पाणी होईल."

"होईल."

"सणाचा दिवस आहे, आबा. माझा आजचा सगळा धंदा त्या दोन लाद्यांवर आहे. तुमच्या चुकीचे पैसे मी का भरू?"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. भाईदासने बंडीच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या. घडी तशीच होती, ढाब्यावाल्याने दिलेली. "आठशे पन्नास आहेत. एवढेच आहेत."

भूषणने नोटांकडे बघितलं, मग त्या घामेजलेल्या हाताकडे. प्रेमराजला वाटलं आता तो नको म्हणेल. तो नको म्हणाला नाही. पैसे घेतले, डब्यात ठेवले, डब्याला कुलूप लावलं. मग वाकून बर्फावरची गोणपाटं ओढून काढली. लाद्या उन्हात उघड्या पडल्या आणि लगेच धुरकट दिसू लागल्या.

गोणपाटं शिवणीला उसवून दोन-दोन जोडली. खालच्या कडेला दर वीतभर अंतरावर मुठीएवढा दगड बांधला. भिजल्यावर एकेक जोड चाळीस किलोला गेला. एका जोडाला चार माणसं लागणार होती. प्रेमराजने वडाकडे हाक दिली.

"प्रेमराजआबा, गुलाम हातमा शे, आनि तुम्ही पोता ओढाले बलावतस?" तिकडून एकजण ओरडला.

"गुलामले पन लई ये! एक हात कमीच शे!"

पाच जण आले. हात खरोखरच एक कमी होता. भूषणने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दुसऱ्या गोणपाटाचं टोक धरलं.

"पाय सरकवत चला. उचलू नका. खालून वर ओढा, प्रवाहाच्या उलट. प्रत्येक ओढ आधीच्या ओढीवर हातभर चढली पाहिजे. घाई केली तर पुन्हा पहिल्यापासून." भाईदासने एवढंच सांगितलं.

पहिल्या ओढीला आलं फुटक्या बाटलीचं बूड. दुसरीला आणखी दोन काचा, गुटख्याच्या पुड्या आणि लहान मुलाची एक सँडल. चौथीला बाटलीचा गळा, सुरीसारखा. भाईदास प्रत्येक वस्तू सुलक्षणाताईच्या पायाशी वाळूवर मांडत गेला. नऊ ओढी झाल्या तेव्हा काचा सतरा होत्या आणि गळ एकही नव्हता. मघाशी चित्रण करणारा माणूस आता मोबाइल खिशात घालून त्या काचांकडे बघत होता.

साडेतीन वाजले. भाईदासचे गुडघे पाण्यातसुद्धा करकरत होते. अकराव्या ओढीला गोणपाट मध्येच अडलं. "थांबा," तो म्हणाला. पण चार माणसांचा जोर थांबेपर्यंत हिसका बसून गेला होता. गोणपाट सुटलं. वर घेतलं तर त्याच्या विणीत दोराचा गुंता, नट आणि गळ.

काठावर आरोळी उठली. पत्तेवाल्यांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. पाणी ढवळून निघालं, गोणपाट काठावर आलं. भाईदास वाळूवर बसला आणि गुंता सोडवू लागला. एक गळ. दोन. तीन. चौथ्याची छोटी दोरी होती, गळ नव्हता.

तेव्हाच वरून गाणी ऐकू आली. बाया निघाल्या होत्या, डोक्यावर पूजेच्या पाण्याच्या घागरी. पुढे नऊ-दहा वर्षांच्या पोरी, डोक्यावर टोपलीत गौराई, आणि सगळ्यांच्या पुढे भूमिका.

प्रेमराज त्याच्या शेजारी उकिडवा बसला. पाठ लोकांकडे, आवाज कानापुरता. "चौथा सकाळीच मासाने नेला असेल. चप्पलमा सोळा शेतस. एक काढ, गुंतामा ठेव. चार व्हतात, चार सापडनात. खेळ संपना."

चप्पल सकाळपासून भाईदासच्या कमरेच्या पिशवीतच होती, घरीही त्याने ती काढली नव्हती. हात घालायचा तेवढा उशीर. कोणी बघत नव्हतं. सगळे गाण्याकडे वळले होते. अकरा घरं, कायमची वाळू, दिलेला शब्द, सगळं एका गळाने सावरलं असतं.

त्याने तुटक्या दोरीचं टोक नखावर घेतलं. सकाळी तुटलेली नायलॉनची दोरी सहा तास पाण्यात राहिली की टोकाला शेवाळी मळ धरते. मोठ्या दोराच्या टोकाला तो धरला होता. हे टोक पांढरं होतं, चकचकीत, ताणून पिंजलेलं. ते आताच तुटलं होतं, त्या हिसक्याला. म्हणजे गळ माशाने नेला नव्हता. सकाळी ज्याने दोर अडवला, तो हाच गळ. तो खोडात रुतला होता आणि अजून तिथेच होता. खोडात रुतलेला गळ गोणपाटाला येत नाही. हे त्याला पहिल्या ओढीआधी सुचायला हवं होतं.

हे टोक वाचता येणारी माणसं त्या वाळूवर दोनच होती. प्रेमराजनेही ते बघितलं आणि मान खाली घातली.

भाईदास उठला. "ताई, तीन सापडले. एक आत आहे."

गाणी थांबली. काय झालं ते मागच्यांना पुढच्यांनी सांगितलं. शंभरभर बाया उतारावर उभ्या राहिल्या, कोरड्या वाळूत, अनवाणी. ती वाळू दुपारी भाकरी भाजेल अशी तापते. पोरी एक पाय उचलत, दुसरा टेकवत नाचू लागल्या.

"आबा," भूमिका वरून ओरडली, "मना पाय बळी ऱ्हायनात!"

सुलक्षणाताईने घड्याळ दाखवलं. चारला पाच कमी होते. एक म्हातारी म्हणाली, "एक गळसाठे गौराई उन्हात? त्याले बाहेर काढा आनि आम्हले जाऊ द्या." मागून रेटा आला. पुढच्या पोरी दोन पावलं ओल्या वाळूवर उतरल्या. पुढे पाणी, आणि पाण्यात नऊ पावलांवर ती काठी.

तेव्हा ज्योती रांगेतून बाहेर आली आणि पोरींच्या पुढे आडवी उभी राहिली, तोंड बायांकडे करून. बापाकडे न बघता तिने विचारलं, "बाबा, आखो कितला येळ?"

"खोड सापडेपर्यंत."

"मग थांबतो आम्ही," ती म्हणाली, आणि डोक्यावरची घागर उतरवून तिने तिच्यातलं पाणी पोरींच्या पायांखाली ओतलं. सुलक्षणाताईने घड्याळावर साडीचा काठ ओढला. मग बाकीच्या बायांनीही घागरी रित्या केल्या.

भाईदास पाण्यात शिरला. गोणपाट अडलं तेव्हा तो डाव्या टोकाला होता आणि जॅकवेलची शिडी त्याला बुरुजाच्या कडेला अर्धी दिसत होती. तशी दिसेपर्यंत तो सरकला. मग गुडघे टेकून पुढे वाकला. पाणी हनुवटीला लागलं. हात पालथे ठेवायचे, बोटं मिटलेली, तळावरून पुढे. वाळू. वाळू. खडा. वाळू. प्रेमराज दुसऱ्या बाजूने तसाच गुडघ्यांवर येत होता.

मिटलेल्या बोटांना लाकूड लागलं. जुन्या बाभळीचं मूळ, वाळूतून वीतभर वर आलेलं, शेवाळून गुळगुळीत. त्याने श्वास घेतला आणि तोंड पाण्याखाली नेलं. मुळावरून अंगठा फिरवला. वरून काही नाही. बाजूने काही नाही. खालच्या अंगाला लोखंड लागलं. टोक बाहेर आलेलं, वरच्या दिशेला. पाऊल घसरून पडलं असतं तर बरोबर त्यावर.

ओढून निघेना. प्रेमराजने काठावरून कोयता मागवला. दोघांनी मूळ तोडलं, अकरा घाव, पाण्यातले, म्हणजे जमिनीवरचे तीस. तोडलेलं मूळ गळासकट वर काढून भाईदासने ते सुलक्षणाताईसमोर काचांच्या शेजारी ठेवलं. चार वाजून सोळा मिनिटं झाली होती. त्याच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. त्याने तो वाळूत दाबला.

ताईने गळ बघितला, काचा बघितल्या. "सभा होणार, आबा. रविवारी. तुम्ही साडेचार तास गप्प होता, ते मी सभेत सांगणार."

"सांगा."

"आणि हे तीन दाखवून तुम्ही मोकळे झाला नाहीत, तेही सांगणार. या काचापण सभेत येतील. इथून पुढे दहा वाजता अकराही चपला वाळूवर मोजायच्या, सगळ्यांसमोर. आणि गाडीने येणाऱ्याच्या बाटल्या उतारावरच मोजायच्या, येताना आणि जाताना." ती भूषणकडे वळली. "त्या तू मोजायच्या. गाडी इथे लावायची असेल तर."

"मी? मी काय केलं?"

"गोणपाट धरलंस. आता सोडता येणार नाही."

पत्तेवाले हसले. भूषणही हसला, पण उशिराने.

बाया पाण्यात उतरल्या. भूमिकाने गौराई सोडली, गुडघाभर पाण्यात, त्याच जागी. भाईदास काठीशी उभा राहिला, शेवटची पोर बाहेर येईपर्यंत.

दोर आला नाही. संध्याकाळी त्याने जुनाच दोर घेतला, विरलेले दोन तुकडे कापून टाकले, उरलेला तिपेडी वळला. वळायला पाऊण तास लागला, अंगठ्याला चिंधी बांधून. झोका हातभर आखूड झाला. भूमिकाने तक्रार केली, मग बसली.

लिलाबाईने विचारलं, "मासाना पैसा?"

त्या पैशांचा दोन लाद्या बर्फ आला होता. गोळ्याच्या गाडीखाली उघडा पडून तो पाचच्या आत वाळूत मुरला, आणि दिवे लागले तेव्हा तिथे ओला डागही नव्हता.